एका वायफायचे तीन चोर

हिरडीत सुई टोचून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता जरा बाहेर बसा साहेब, बधिर होऊ दे," म्हणून साहेब बाहेर येऊन बसले, आणि समोरच्या भिंतीवर त्यांना आपल्या घरचा पासवर्ड दिसला.

आधी त्यांना वाटलं, हा औषधाचा परिणाम असावा. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. पाटी तिथेच होती. छान प्लास्टिकच्या आवरणात घातलेली, कोपऱ्यात हसऱ्या दाताचं चित्र. 'रुग्णांसाठी मोफत वायफाय', त्याखाली नेटवर्कचं नाव आणि त्याखाली आठपासून एकपर्यंतचे आकडे, उलटे. हे उलटे आकडे म्हणजे साहेबांची खास युक्ती होती. सुलटे कोणीही ओळखेल, उलटे कोणाच्या बापाला सुचणार, असा हिशेब करून राऊटर बसवला त्या दिवशी त्यांनी तो पासवर्ड ठेवला होता, आणि तेव्हापासून त्या बाबतीत ते निर्धास्त होते.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, मापाखाली मेण किंवा चुंबक चिकटवलंय का बघायचं आणि सगळं ठीक असेल तर शिक्का मारायचा, हा त्यांचा उभा जन्म. दुसऱ्याच्या काट्यातली गुंजभर खोट त्यांना दारातूनच कळायची. असा माणूस स्वतःच्या घराच्या बरोबर खाली, दातांच्या दवाखान्यात बसला होता, आणि शेजारचा एक इसम गालाला रुमाल लावून त्यांच्याच वायफायवर फुटबॉलचा सामना बघत होता.

"ताई, इथलं नेट चालत नाही हो," नुकत्याच आलेल्या एका बाई स्वागतिकेला म्हणाल्या.

"ते आमचं नका घेऊ, ते रडतं," स्वागतिका म्हणाली. "ते पाटीवरचं वरच्यांचं घ्या. मस्त आहे. फक्त संध्याकाळी त्यांच्या घरचे आले की जरा हळू होतं."

आता मात्र साहेब उठले. बोट भिंतीकडे रोखून ते करारी आवाजात म्हणाले, "हे बाझं आहे!" त्यांना 'माझं' म्हणायचं होतं; पण डावा ओठ ऐकेना.

"अरे वा, बधिर झालं वाटतं," स्वागतिका आनंदाने म्हणाली. "चला, चला आत."

पुढचा वेळ साहेब तोंड वासून आडवे पडले होते. माणसाला राग आला असताना तोंड उघडं ठेवून गप्प बसावं लागणं, यापरती विटंबना नाही. डॉक्टरीणबाई मधूनमधून "दुखतंय का?" विचारत होत्या आणि साहेब जे उत्तर देत होते ते दाताविषयी नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिला एवढंच कळलं की खाली कोणाला तरी मारलंय आणि भिंतीवर रक्त आहे. ती चप्पल घालून निघालीच होती. शेवटी साहेबांनी कागदावर लिहून दाखवलं.

"हात्तिच्या!" बायको म्हणाली. "वायफाय होय! मला वाटलं काय झालं!"

ही बाई विमा कंपनीत दावे तपासायची. जळालेल्या गोदामातल्या राखेवरून गोदाम आधी रिकामं होतं हे सांगणारी बाई, पण घरच्या चोरीचं तिला काही वाटेना. "वापरलं तर वापरलं हो," ती म्हणाली. "झिजतंय थोडंच?"

"बुद्दा टो दाही," साहेब म्हणाले. मुद्दा तो नव्हता, हे बायकोला आवाजावरून कळलं.

ओठ ताळ्यावर आल्यावर त्यांनी परगावी नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला. लेक संगणकातली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, राऊटरच्या आत शिरायचा जो वेगळा पासवर्ड असतो, तो काय आहे?"

"तो वेगळा असतो?"

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुमच्या घराला कुलूप आहे उलट्या आकड्यांचं," लेक म्हणाली, "आणि ते कुलूप बदलायचं यंत्र दारातच ठेवलंय, कारखान्यातून आलं तसं. कोणीही आत येऊन कुलूपच बदलून टाकेल आणि तुम्ही बाहेर. असं करा. दोन्ही पासवर्ड बदला, लांब ठेवा, राऊटरला काही अपडेट आलं असेल तर ते घ्या. आणि मग विसरून जा. आणि बाबा, एक सांगू? घरचं वायफाय फोडत बसायला कोणाला वेळ नसतो. लोक नुसतं विचारतात, आणि आपण सांगतो."

शेवटचं वाक्य साहेबांनी ऐकलं नाही. ते पासवर्ड रचायला बसले होते.

पासवर्ड रचणं हे काम त्यांनी ज्या निष्ठेने केलं, तेवढ्या निष्ठेने लोक मुलांची नावंही ठेवत नाहीत. लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे, आणि कीबोर्डावरच्या ज्या खुणांना आयुष्यात कधी हात लागत नाही त्या सगळ्या खुणा. त्यांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच ठेवली. शेपूट गुंडाळलेला ए म्हणजे गोगलगाय. आडव्याउभ्या रेघांची ती जाळी. एक चांदणी. एक टोपी. तयार झालेली ओळ पाहून त्यांना मनापासून समाधान वाटलं. ती फोडायला एखाद्या राष्ट्राला सैन्य लागलं असतं.

मग त्यांनी ती राऊटरमध्ये घातली आणि 'जतन करा' दाबलं.

आतल्या खोलीतून बायकोची किंकाळी आली. ती घरून काम करत होती आणि मोठ्या साहेबांसमोर एका जळालेल्या गोदामाविषयी बोलत होती. "हा दावा खोटा आहे, कारण..." एवढं म्हणून ती पडद्यावरून नाहीशी झाली. कारण काय, ते कंपनीला कळलं नाही, आणि दावा मंजूर झाला असं तिचं म्हणणं पुढे कित्येक दिवस होतं.

"थांब, थांब, नवा पासवर्ड सांगतो," साहेब म्हणाले. पण घालताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं होतं. कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो लिहिताना काळे ठिपकेच दिसत होते. त्यामुळे आता तो पासवर्ड जगात कोणालाच ठाऊक नव्हता. सुरक्षेच्या दृष्टीने पाहिलं तर याच्या पुढची पायरी नाही.

आवाज ऐकून वरचे रेडिओकाका खाली आले. हे नभोवाणी केंद्रात अभियंता होते. निवृत्त झाल्यापासून इमारतीत कुठेही काही बिघडलं की त्यांना आधी आनंद व्हायचा आणि मग सहानुभूती वाटायची.

"लहरींना भिंत नसते साहेब," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पासवर्ड राहू द्या. तुमच्या लहरी बाहेर जातात हेच मुळात चूक. राऊटर लोखंडी कपाटात ठेवा."

"मग लहरी घरात तरी येतील का?"

"ते बघावं लागेल."

ते बघितलं. काकांनी राऊटरचं जोडणीचं बटण दाबून बायकोचा लॅपटॉप पासवर्डाशिवाय जोडून घेतला, आणि राऊटर कपाटात, साहेबांच्या ठेवणीतल्या कोटाशेजारी ठेवला. कपाट लावल्यावर वायफाय फक्त कपाटासमोर, आणि तेही गुडघ्यावर बसल्यास मिळू लागलं. बायकोने आपलं कार्यालयीन काम तासभर त्या स्थितीत केलं, आणि उठताना गुडघा धरून जे म्हटलं ते रेडिओकाकांना उद्देशून असलं तरी पाहिलं साहेबांकडे.

शेवटी राऊटरच्या पाठीमागच्या भोकात टाचणी खुपसून तो जन्मला तेव्हा होता तसा करायचा ठरलं. तसा तो झाला. इतका झाला की तो आता कोणत्या कंपनीचं इंटरनेट आणत होता हेही विसरला. साहेबांनी कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या नोंदलेल्या क्रमांकावर एक संकेतांक पाठवलाय, तो सांगा."

साहेबांच्या फोनवर काही आलं नाही.

"सर, हे कनेक्शन तुमच्या नावावर नाहीये," बाई म्हणाल्या, आणि ज्याच्या नावावर होतं त्याचं नाव सांगितलं.

तो त्यांचा मेहुणा होता. नव्या घरासाठी कनेक्शनचा अर्ज केला तेव्हा साहेब दौऱ्यावर होते, त्यामुळे कागदपत्रांची धावपळ मेहुण्याने केली होती, आणि हे उपकार तो कोणत्याही समारंभात, एखाद्या गाण्याच्या ध्रुवपदासारखे, पुन्हा पुन्हा आळवायचा. साहेबांनी एके काळी एका दुकानदाराच्या चुलत्याने दिलेल्या धमक्या पचवल्या होत्या. पण मेहुण्याला फोन लावायच्या आधी ते पाणी पिऊन आले.

"भावोजी!" मेहुणा म्हणाला. "आला बरं का संकेतांक. सांगतो. पण आधी मला सांगा, तुम्ही हात कशाला लावलात?"

संकेतांक सांगून होईपर्यंत तो शिळा व्हायचा. मग दुसरा. मेहुणा प्रत्येक वेळी आकड्यांआधी थोडं मार्गदर्शन करत असे आणि मार्गदर्शनात मुदत संपत असे. अखेर बायकोने फोन हातात घेतला आणि "दादा, आकडे सांग आणि ठेव," एवढं म्हटल्यावर काम झालं.

आता फक्त पासवर्ड घालायचा राहिला होता. कंपनीच्या बाई म्हणाल्या, "सर, घाला, आणि काय घालताय ते मला सांगू नका." पण लाइन खराब होती. साहेबांना एवढंच ऐकू आलं, "काय घालताय ते मला सांगा." कायदा पाळणारा माणूस. ते खिडकीपाशी उभे राहिले, जिथे फोनला जरा रेंज येत होती, आणि खणखणीत आवाजात म्हणू लागले: "मोठा व्ही! छोटा ए! गोगलगाय! सात! जाळी!" बाई "नका सर, नका" म्हणत होत्या, साहेबांना वाटत होतं तिला नीट ऐकू येत नाही. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून म्हटला. तिसऱ्यांदा म्हणताना वरच्या बाल्कनीतून रेडिओकाकांचा आवाज आला, "साहेब, टोपीच्या आधी चांदणी राहिली!"

खरं म्हणजे तो पासवर्ड तिथल्या तिथे बदलायला हवा होता. तसं साहेबांच्या मनातही आलं. पण बदलताना पुन्हा काही बिघडलं तर पुन्हा मेहुणा. काही धोके माणसाने पत्करायचे असतात.

तर अशा रीतीने घर सुरक्षित झालं. खालच्या दवाखान्यातली पाटी निकामी झाली. लेकीने सांगितल्यावरून साहेबांनी फोनवर राऊटरचं ॲपही घेतलं. त्यात आपल्या वायफायवर कोण कोण आहे ते बसल्या जागी दिसायचं: त्यांचा फोन, बायकोचा फोन, बायकोचा लॅपटॉप. घरात आणखी त्यांची आई होती. पण तिच्याकडे आकड्यांचा साधा फोन होता, आणि जेवण झालं की ती आपल्या खोलीत दार लोटून पडायची, त्यामुळे तिचा या प्रकरणाशी संबंध यायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात, जेवणाचा डबा धुऊन साहेब जागेवर बसले आणि सहज म्हणून त्यांनी ॲप उघडलं. आत चौथा होता.

नाव नव्हतं. नुसती अक्षरं आणि आकडे, कोणी झोपेत टाइप केल्यासारखे. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे सरकारी नाव दिलं: अज्ञात इसम. तो भरपूर वापरत होता, बायकोच्या सगळ्या बैठकांपेक्षा जास्त. संध्याकाळी घरी आल्यावर पाहिलं तर गायब. त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, पुन्हा हजर.

संशय कोणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. चांदणीची आठवण करून देणारा माणूस जगात एकच होता. साहेब जिना चढून वर गेले.

"काका, तुमचं वय, तुमचा मान, सगळं मला मान्य आहे," त्यांनी अशा प्रसंगी दुकानदारांशी वापरायचा तोच सूर लावला. "पण माझ्या नेटवर्कवर कोणीतरी आहे."

"मी? छे! माझं स्वतःचं आहे की," रेडिओकाका म्हणाले. "मला कशाला हवं तुमचं?"

"रोज दुपारी असतो. जेवणानंतर. चांगला दीडदोन तास."

रेडिओकाकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि खिडकीबाहेर पाहिलं. "दुपारी होय," ते म्हणाले. "हं. दुपारचा मीच असतो."

"आत्ता तर नाही म्हणालात!"

"आता हो म्हणतोय ना? घ्या. मी चोर. चहा घेणार?"

साहेब जिना उतरत होते तेवढ्यात समोरच्या घरातल्या शिवणकामवाल्या ताई दारात आल्या. साहेबांची एक पँट त्यांच्याकडे उसवून पडली होती. "साहेब, काकांना काही बोलू नका," त्या घाईघाईने म्हणाल्या. "ते वायफाय मी वापरते. कापडाचे नमुने बघायला."

"तुम्ही? मग काका का म्हणाले?"

"काका म्हणाले?" ताई गोंधळल्या. "मग आम्ही दोघं वापरतो."

"पण यंत्र एकच आहे!"

"आलटूनपालटून," ताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दात पुन्हा दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आरसा तोंडात घातला आणि साहेबांना बोलता येत नाही याची खात्री करून घेऊन म्हटलं, "साहेब, माफ करा हं, तो दुपारी तुमच्या वायफायवर असतो ना, तो माझाच. दवाखान्याचा. आ करा. अजून मोठा."

साहेब चक्रावून गेले. खात्यातल्या आख्ख्या नोकरीत एका दुकानदाराने आपण होऊन कबुली दिली नव्हती. मापाखालचा चुंबक हातात काढून दाखवला तरी लोक "हा इथे कसा आला?" म्हणून त्यांनाच विचारत. आणि इथे एका चोरीला तीन चोर, तिघंही प्रतिष्ठित, तिघंही कबूल! खोटे काटे पकडायला ते शिकले होते. खोट्या कबुल्यांचं काय करायचं हे खात्याच्या कुठल्याच नियमात नव्हतं.

"कशाला एवढं मनाला लावून घेता?" बायको म्हणाली. तिने त्यांच्याकडे न बघता म्हटलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "असेल कोणी. राहू द्या ना."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले, आणि ॲपमध्ये त्या नावावर बोट ठेवून त्यांनी अज्ञात इसमाला कायमची बंदी केली.

त्या दिवसापासून इमारतीत काहीतरी बिनसलं. रेडिओकाका जिन्यात भेटले तर घड्याळ बघू लागले. ताईंनी पँट परत पाठवली, एक पाय शिवलेला, एक उसवलेला. खालच्या स्वागतिकेने त्यांना पुढची वेळ दिली ती पुढच्या ऋतूतली. घरात बायको मोजून बोलू लागली. आई तर गप्पच झाली. एरवी ती जेवताना हात फिरवत गोष्टी सांगायची. आता चार घास खाऊन ताट बाजूला सारायची.

"आई, बरं नाही का?"

"बरं आहे रे."

"डॉक्टरकडे जायचं का?"

"डॉक्टर काय करणार आहे याला," आई म्हणाली आणि उठून गेली.

साहेबांना वाईट वाटत होतं, पण ते उलट दिशेने. त्यांना वाटत होतं, मी घरादाराचं रक्षण करतोय आणि माझ्याशी कोणी धड बोलत नाही. हुतात्म्यांचं असंच होत असावं.

अज्ञात इसम मात्र चिवट होता. रोज दुपारी ॲप टिंग करून कळवायचं, बंदी घातलेल्या उपकरणाने जोडणीचा प्रयत्न केला. पुन्हा टिंग. पुन्हा टिंग. कार्यालयातले सहकारी माना वळवून बघायला लागले. एके दिवशी या टिंगांनी कहर केला तेव्हा साहेब उठले, "अचानक तपासणीला जातोय," असं वरिष्ठांना सांगितलं, जे खोटं नव्हतं, आणि रिक्षा करून घरी आले.

जिन्यात पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी बूट हातात घेतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. हा आवाज लहानपणी पाढे म्हणून घेताना ते ऐकत तोच, एका लयीत, कुठेही न अडखळता:

"मोठा व्ही, छोटा ए, गोगलगाय, सात, जाळी, छोटा के, मोठा टी, दोन, चांदणी, टोपी..."

साहेबांनी दार ढकललं.

बैठकीच्या खोलीत रेडिओकाका स्टुलावर उभे राहून एक लांब तार पंख्याच्या दांड्याला गुंडाळत होते. ताई जमिनीवर बसून मांडीवरच्या एका जुन्या टॅबवर बोटं मारत होत्या. त्याच्या कोपऱ्याची काच तडकलेली होती आणि पाठीवर हसऱ्या दाताचं चित्र होतं. दवाखान्यातली स्वागतिका एप्रनसकट उभी होती. आणि मधोमध, मटारच्या शेंगांची परडी पुढ्यात घेऊन, डोळे मिटून, त्यांची आई त्यांचा पासवर्ड म्हणत होती.

"बरोबर आहे आजी, पण तरी घेत नाही," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना साहेब दिसले. हातात बूट धरलेले.

रेडिओकाका स्टुलावरून उतरले, ते तारेसकट.

"तुला पाठ आहे?" साहेबांना एवढंच सुचलं.

"खिडकीत उभा राहून तीनदा ओरडलास," आई म्हणाली. "पाठ होणार नाही तर काय? आधीचा बरा होता. उलटे आकडे. त्याला काही डोकं लागत नव्हतं."

"म्हणजे खाली पाटीवर..."

"मीच सांगितला. कवळी घासून घ्यायला गेले होते. डॉक्टरीणबाईंकडे हा टॅब पडला होता, मुलांना चित्रं दाखवायचा. त्यांनी दिला मला. त्यांचं नेट रडत होतं, मग मी म्हटलं आमचं घ्या. फुकट कसं घ्यायचं कोणाचं?"

"पण तुला टॅब कशाला?"

आईने एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "धाकटीला बघायला," ती म्हणाली.

धाकटी म्हणजे साहेबांची मावशी. दोन गावं पलीकडे, मुलाकडे असायची. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. साहेब आईला अधूनमधून विचारायचे, मावशी कशी आहे. आणि आई सांगायची, आज केस कापलेत तिचे, आज जरा बसली होती उशीला टेकून. तिच्या त्या साध्या फोनवर, बोलता न येणाऱ्या बहिणीची ही बित्तंबातमी कुठून येते, असा प्रश्न निरीक्षकसाहेबांना कधी पडला नव्हता.

"बोलता तर येत नाही तिला," ते म्हणाले.

"बोलायचंय कशाला? नुसतं चालू ठेवायचं. तिचा मुलगा तिकडे समोर लावून कामाला जातो. ती पडलेली असते, मी भाजी निवडते. मध्येच मी काही सांगते. डोळा लागतो तिचा, माझाही लागतो." आईने ती शेंग परत परडीत टाकली. "गेले इतके दिवस ती वाट बघत असेल रे. तिला सांगणार कोण, की माझ्या मुलाने बंदी घातलीय म्हणून?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला चित्राचा फोन मागितला होता एकदा. तू म्हणालास, आई, त्यात फार धोके असतात, लोक फसवतात. म्हटलं, बरं. हा टॅब दाखवला असता तर तू आधी तो तपासला असतास. मग तिला तपासलं असतंस." आईच्या आवाजात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तशी ती सांगत होती.

साहेबांनी रेडिओकाकांकडे पाहिलं. काका तारेची वेटोळी करत होते. "आजींनी शपथ घातली होती," ते पुटपुटले. "बाकी तुमचं वायफाय मी कशाला घेऊ? माझं तुमच्यापेक्षा जोरात आहे, फक्त इथे खाली पोचत नाही, म्हणून ही तार."

साहेबांनी बूट खाली ठेवले. खिशातून फोन काढला, ॲप उघडलं आणि अज्ञात इसमावर बोट ठेवलं. ॲपने त्यांना विचारलं, बंदी उठवायची याची तुम्हाला खात्री आहे का? त्यांनी 'हो' दाबलं.

"आलं!" ताई ओरडल्या.

टॅबवर एक गोल फिरत राहिला. फिरता फिरता थांबला, आणि तिकडची खोली दिसली. एक पडदा, औषधांच्या बाटल्या, उशी, आणि उशीवर बारीक झालेला, केस कापलेला चेहरा. डोळे उघडे होते. आईने टॅब नीट उभा करून त्याला पाण्याच्या तांब्याचा टेकू दिला आणि पदराने काच पुसली. तिकडे डावा हात हळूहळू वर आला आणि तसाच हवेत राहिला, कोणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखा.

स्वागतिकेला खाली रुग्ण असल्याचं आठवलं. ताईंना पँटच्या दुसऱ्या पायाचं आठवलं. रेडिओकाकांना काही आठवलं नाही, पण तेही गेले.

साहेब उभेच होते. त्यांना मावशीशी काहीतरी बोलायचं होतं, क्षमा मागितल्यासारखं, पण वायफाय, बंदी, अज्ञात इसम हे सगळं तिला कुठून सांगायला सुरुवात करायची?

"मावशी, मी..."

"उभा काय राहिलायस मध्ये? तिला दिसत नाही मी," आई म्हणाली. "खाली बस. आणि आलाच आहेस तर शेंगा सोल."

साहेब खाली बसले. कार्यालयातला शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर शेंगा. आई सोलत होती, ते सोलत होते. मावशी बघत होती. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि तिकडच्या खोलीतही कुठलातरी पंखा होता. दोन्ही मिसळून एकच वाटत होता. आई मध्येच म्हणाली, "ताईंकडची मांजर व्याली बरं का," आणि पुन्हा गप्प झाली. इतक्या कमी बोलण्यासाठी इतकं नेट लागतं, याचं साहेबांना नवल वाटलं. मग थोड्या वेळाने त्याचं नवल वाटायचं थांबलं.

त्यांचे टरफलांचे आणि दाण्यांचे दोन ढीग झाले होते. तेवढ्यात तिकडचा डावा हात पुन्हा वर आला. या वेळी एक बोट पुढे होतं, आणि ते साहेबांच्या टरफलांकडे रोखलेलं होतं. मावशीच्या भुवया वर गेल्या होत्या.

"काय म्हणतेय ती?" साहेबांनी विचारलं.

आईने बहिणीकडे पाहिलं, मग मुलाच्या ढिगाकडे. "म्हणतेय, त्या वरच्या शेंगेत दाणे राहिलेत. दोन."

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "मी बघून टाकलीय." इतक्या लांबून, तडकलेल्या काचेतून, आडवं पडून कोणाला शेंगेतला दाणा दिसतो? तरी बोट हलेना. शेवटी नुसतं त्या दोघींचं समाधान व्हावं म्हणून त्यांनी ती शेंग उचलली आणि उजेडाकडे धरून पुन्हा उघडली.

दोन नव्हते. तीन होते.